चेहरा रेम्ब्रांटचा, हात दुसऱ्याचा

हेगमधल्या मॉरित्सहाउस संग्रहालयात ओकच्या फळीवर रंगवलेले सुमारे ३८ सेंटिमीटर उंचीचे एक छोटे व्यक्तिचित्र आहे. चित्रातला तरुण तेविशीच्या आसपासचा. गळ्याशी पोलादी कंठत्राण, त्यावर पांढरी कॉलर, केस मोकळे, चेहऱ्याची एक बाजू उजेडात आणि दुसरी सावलीत. हा तरुण रेम्ब्रांट. साल १६२९ च्या आगेमागे. याच चित्राचे जुळे वाटावे असे भावंड जर्मनीत न्यूरेंबर्गच्या जर्मानिशेस नॅशनल म्युझियममध्ये आहे. हेगचे चित्र रेम्ब्रांटच्या हातचे आणि न्यूरेंबर्गचे त्यावरून कोणीतरी उतरवून काढलेले, असे दीर्घकाळ मानले जात होते. रेम्ब्रांटच्या चित्रांची छाननी करण्यासाठी १९६८ मध्ये सुरू झालेल्या डच संशोधन प्रकल्पानेही १९८२ साली आपल्या पहिल्या खंडात हाच निर्वाळा दिला होता.

१९९० च्या दशकाअखेरीस निकाल उलटा फिरला. हेगच्या चित्राची अवरक्त किरणांनी तपासणी झाली आणि रंगाच्या थराखाली काळ्या रेषांचे एक काटेकोर रेखाटन दिसले. डोळे, नाक, कॉलरची कड, सगळे आधी आखून घेतलेले आणि मग रंग नेमका त्या रेषांवर बसवलेला. रेम्ब्रांटची रीत अशी नव्हती. तो ब्रशनेच ढोबळ मांडणी करी आणि रंगवता रंगवता ती बदलत जाई. न्यूरेंबर्गच्या फळीखाली असे आखीव रेखाटन नाही. तिथला ब्रश मोकळा, काहीसा राकट आहे, तर हेगचा हात गुळगुळीत आणि सांभाळून चाललेला. आता न्यूरेंबर्गचे चित्र मूळ आणि हेगचे रेम्ब्रांटच्या कार्यशाळेतली प्रत मानले जाते. मॉरित्सहाउसने ते भिंतीवरून उतरवले नाही, फक्त पाटी बदलली.

ज्या गुळगुळीत सफाईमुळे हेगचे चित्र अस्सल वाटत होते, तीच सफाई पुढे त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरली. जुन्या डच प्रतींच्या अभ्यासात ही गंमत वारंवार भेटते.

सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये प्रत काढणे हा गुन्हा नव्हता. लपवण्यासारखी गोष्टही नव्हती. चित्रकाराकडे शिकणारा मुलगा आधी छापचित्रे, मग प्लास्टरचे पुतळे आणि मग गुरूची चित्रे पाहून काढी. आपल्याकडे मूल पाटीवर अक्षर गिरवते, तसाच तो गुरूचा हात गिरवी. संत ल्यूकच्या नावाने गावोगावी चित्रकारांचे संघ असत आणि त्यांचे नियम कडक असत. शिष्याने कार्यशाळेत काढलेले काम गुरूचे धरले जाई. ते विकण्याचा आणि त्यावर आपली सही घालण्याचा हक्क गुरूचाच. त्यामुळे जुन्या चित्रावर सही दिसली तरी ती ‘हे माझ्या दुकानातले’ एवढेच सांगत असण्याची शक्यता असते.

या व्यवहाराचा हिशेब खुद्द रेम्ब्रांटच्या अक्षरात उरला आहे. त्याच्या एका रेखाटनाच्या मागच्या बाजूला शिष्यांच्या कामांच्या विक्रीची टिपणे आहेत. एक ‘निशाणधारी’ १५ गिल्डरला गेला, एक ‘फ्लोरा’ ६ ला, लेंडर्ट नावाच्या शिष्याची ‘फ्लोरा’ ५ ला. पुढे नावारूपाला आलेला फर्डिनांड बोल याचेही नाव त्यात येते. तुलनेसाठी एवढे पुरे की, ‘नाइट वॉच’ या रेम्ब्रांटच्या समूहचित्रात आपला चेहरा यावा म्हणून प्रत्येक नगररक्षकाने सरासरी शंभर गिल्डर मोजले होते. योआखिम फॉन सांद्रार्ट हा समकालीन जर्मन चित्रकार लिहितो की, शिष्यांच्या कामातून रेम्ब्रांटला वर्षाला दोन ते अडीच हजार गिल्डर मिळत आणि प्रत्येक शिष्याची शंभर गिल्डर फी वेगळी. आकडा थोडा फुगवलेला असेल. पण धंदा मोठा होता यात शंका नाही.

गुरूचा हात कुठे संपतो आणि शिष्याचा कुठे सुरू होतो, याचा गुंता तिथेच, त्याच खोलीत झाला. अब्राहाम आपल्या मुलाचा बळी देण्यास निघाल्याचे रेम्ब्रांटचे १६३५ चे चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. त्याचीच थोडी फरकाची आवृत्ती म्युनिकमध्ये असून तिच्यावर डच भाषेत मजकूर आहे: रेम्ब्रांटने बदलले आणि वरून रंगवले, १६३६. म्हणजे शिष्याने प्रत काढायची आणि गुरूने वरून हात फिरवायचा. १६५६ मध्ये रेम्ब्रांटचे दिवाळे निघाले तेव्हा घरातल्या वस्तूंची ३६३ नोंदींची यादी झाली; तिच्यातही ‘रेम्ब्रांटने हात फिरवलेले’ अशा शेऱ्याची चित्रे आहेत. त्या काळच्या कारकुनांना हा फरक नीट कळत असे. मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्यांत मूळ चित्राला ते ‘प्रिन्सिपाल’ म्हणत आणि नकलेला ‘कोपी’. घोटाळा पुढच्या शतकांत झाला, चित्रे राहिली आणि याद्या दप्तरात हरवल्या तेव्हा.

व्यक्तिचित्रांच्या बाबतीत प्रतींची गरज आणखी मोठी होती. राजपुत्राचा चेहरा नगरभवनात, वकिलातीत, सरदाराच्या दिवाणखान्यात हवा असे, आणि राजपुत्र काही दर वेळी बैठक देणार नाही. डेल्फ्टचा मिखिल फान मीरेफेल्ट (१५६६–१६४१) याने या मागणीवर अक्षरशः कारखाना उभा केला. ऑरेंज घराण्याचा सेनापती राजपुत्र मॉरित्स याचे चित्र त्याने एकदा समोर बसवून काढले, की त्या चेहऱ्यावरून त्याची माणसे पुढच्या आवृत्त्या काढत राहत. मागणीप्रमाणे कधी पूर्णाकृती, कधी कमरेपर्यंत, कधी नुसते मस्तक. जावई विलेम डेल्फ हा ताम्रपटकार; तो त्याच चेहऱ्यांची छापचित्रे काढी आणि ती आणखी दूर जात. मीरेफेल्टने दहा हजार व्यक्तिचित्रे केली असे सांद्रार्टने लिहून ठेवले आहे. त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, पण इतका आकडा कोणाला सुचावा यातच त्या कार्यशाळेची कीर्ती दिसते. पुढे हेगच्या दरबारासाठी हेरिट फान होंटहोर्स्टच्या कार्यशाळेने हेच काम केले. आज जुन्या बाजारात ‘डच, सतरावे शतक’ म्हणून काळ्या पोशाखातली, पांढऱ्या झालरीच्या कॉलरची जी व्यक्तिचित्रे येतात, त्यांतली पुष्कळ अशा आवृत्त्यांच्याही आवृत्त्या असतात.

प्रत उतरवण्याच्या युक्त्या मराठी वाचकाला परक्या वाटणार नाहीत. तेल लावून पारदर्शक केलेला कागद मूळ चित्रावर ठेवून बाह्यरेषा घ्यायची, रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडायची, कागद नव्या फळीवर ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की ठिपक्यांची आकृती उमटते. कापडावर भरतकामाची नक्षी उतरवताना हेच करतात. दुसरी रीत चौकटींची: मुळावर आणि नव्या पृष्ठावर सारख्याच संख्येचे चौकोन आखून एकेक चौकोन भरत जायचे. इलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेल्या कोणालाही ती ठाऊक असते. कुशल शिष्य मात्र नजरेनेच प्रमाण साधी, आणि अशी प्रत ओळखणे सर्वांत अवघड.

ओळखण्याचा मुख्य धागा एकच. मूळ चित्रकार शोधत असतो, प्रत काढणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असते. गणिताच्या पुस्तकाच्या मागचे उत्तर पाहून सोडवलेल्या उदाहरणात जशी खाडाखोड नसते, तशीच प्रतीतही नसते. मूळ चित्रात हात आधी खाली होता आणि मग वर घेतला, टोपीचा काठ रुंद होता आणि मग आवळला, असे पालट क्ष-किरण छायाचित्रात भुतासारखे दिसतात. अवरक्त तपासणी वेगळ्या तत्त्वावर चालते. बरेच रंग अवरक्त किरणांना वाट देतात, पण कोळशातला कार्बन ते शोषून घेतो, म्हणून खालचे रेखाटन वर येते. ही पद्धत १९६० च्या दशकात फान आस्पेरेन द बूर या डच शास्त्रज्ञानेच विकसित केली. अर्थात हाही नियम लोखंडी नाही. स्वतःच्या चित्राची दुसरी आवृत्ती काढणारा गुरूही खाडाखोड करत नाही, आणि प्रत काढता काढता शिष्याला मध्येच स्वतःचे काही सुचू शकते.

लाकूड आणि रंग यांची साक्ष जास्त कोरडी, म्हणून जास्त भरवशाची. डच फळ्या बहुधा बाल्टिक किनाऱ्यावरून जहाजाने आलेल्या ओकच्या. झाडाच्या वार्षिक वलयांची जाडी दर वर्षीच्या हवामानाप्रमाणे कमीजास्त होते. वलयांचा तो क्रम प्रदेशाच्या ज्ञात क्रमाशी जुळवला, की झाड कोणत्या वर्षाआधी पडलेच नसेल ते ठरते. त्यातून कधी एकाच झाडाच्या फळ्या वेगवेगळ्या संग्रहालयांत सापडतात. ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात दाढीवाल्या वृद्धाच्या मस्तकाचा एक लहान अभ्यास आहे. रेम्ब्रांटचा नव्हे, असा शेरा १९८२ मध्ये मिळाल्यावर तो तळघरात गेला. २०२० मध्ये त्याच्या फळीची तपासणी झाली. ती ज्या झाडाची होती, त्याच झाडाची फळी रेम्ब्रांटने ‘अँड्रोमेडा’साठी वापरली होती, आणि त्याचा लायडनमधला सोबती यान लीव्हन्स याने रेम्ब्रांटच्या आईच्या चित्रासाठी. हे मस्तक रेम्ब्रांटनेच काढले असे यावरून सिद्ध होत नाही; पण ते त्याच्या आसपास, त्याच काळात झाले हे पक्के.

रंगांचे पंचांगही असेच उपयोगी. शिसे आणि कथील यांपासून होणारा पिवळा रंग सतराव्या शतकात सगळीकडे होता. १७५० च्या सुमारास तो वापरातून गेला आणि विसरला गेला, इतका की १९४१ मध्ये त्याचा पुन्हा शोध लागला. प्रशियन निळा बर्लिनमध्ये १७०४ ते १७०६ च्या दरम्यान तयार झाला. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२० च्या दशकातला, जस्ताचा पांढरा तैलरंगात रुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. म्हणून बाईच्या निळ्या शालीत, नंतरची दुरुस्ती नसलेल्या जागी, प्रशियन निळा मिळाला, तर ती शाल रेम्ब्रांटच्या हयातीतली नाही. तो १६६९ मध्येच गेला. मात्र रंग जुने निघाले म्हणून हात गुरूचा ठरत नाही. एकाच कार्यशाळेत गुरू-शिष्यांची रंगाची वाटी एकच असायची, आणि तिथे प्रयोगशाळा हात टेकते.

प्रत म्हणजे कमी दर्जाचे काम, हा समज दोन उदाहरणांनी ढिला होतो.

पहिले तत्त्वज्ञ रने देकार्तचे. काळा झगा, खांद्यापर्यंतचे केस, किंचित उंचावलेल्या भुवया: पाठ्यपुस्तकांतून जगभर गेलेला देकार्तचा हा चेहरा पॅरिसच्या लूव्रमधल्या चित्रावरून घेतलेला आहे, आणि ते चित्र प्रत आहे. एके काळी ते हारलेमच्या फ्रान्स हाल्सचे अस्सल काम समजले जाई. आज लूव्र ते ‘हाल्सवरून’ म्हणून दाखवते. हाल्सच्या हातचे मानले जाते ते कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातले जेमतेम १९ बाय १४ सेंटिमीटरचे फलक. पोस्टकार्डाहून थोडे मोठे, भराभर मारलेल्या फटकाऱ्यांचे. देकार्त १६४९ मध्ये हॉलंड सोडून स्वीडनला गेला आणि काही महिन्यांत वारला. चित्र त्याच सुमाराचे. लूव्रच्या प्रतीत हाल्सचा झपाटा उरलेला नाही, सगळे निवलेले, नीटनेटके झाले आहे. पण देकार्तला पाहिले असे ज्यांना वाटते, त्यांनी बहुधा या निवलेल्या चेहऱ्यालाच पाहिलेले असते.

दुसरे उदाहरण ‘नाइट वॉच’चे. नगररक्षकांच्या तुकडीचे हे समूहचित्र रेम्ब्रांटने १६४२ मध्ये पुरे केले. १७१५ मध्ये ते अ‍ॅम्स्टरडॅमच्या नगरभवनात हलवले, तेव्हा नेमून दिलेल्या भिंतीवर ते मावेना. मग चारही बाजूंनी कापले: डावीकडून सुमारे ६० सेंटिमीटर, वरून २२, खालून १२, उजवीकडून ७. कापलेल्या पट्ट्या पुन्हा सापडल्या नाहीत. त्या पट्ट्यांवर काय होते ते कळते एका प्रतीमुळे. हेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने कापाकापीच्या आधीच, सतराव्या शतकाच्या मध्याला, ओकच्या फळीवर त्याची छोटी प्रत काढली होती. ती लंडनच्या नॅशनल गॅलरीची आहे. डावीकडे उभी असलेली दोन माणसे आणि एक मुलगा लुंडेन्सच्या फळीवर अजून जागच्या जागी आहेत. डावी बाजू पूर्ण असल्याने पुढे चालणारा कप्तान आणि त्याचा सहायक चित्राच्या नेमक्या मध्यावर येत नाहीत, थोडे उजवीकडे राहतात, आणि सगळी तुकडी डावीकडून पुढे सरकते आहे असे वाटते. २०२१ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या रेइक्सम्युझियमने याच प्रतीच्या आधारे, संगणकाला रेम्ब्रांटची रंगरीत शिकवून, हरवलेल्या पट्ट्या छापून घेतल्या आणि काही महिने मूळ चित्राभोवती लावून दाखवल्या. रेम्ब्रांटपुढे लुंडेन्स सामान्यच. पण त्याने समोर होते ते इमानाने उतरवले, स्वतःची भर घातली नाही, म्हणूनच तो आज उपयोगी पडतो.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात प्रतींची दुसरी लाट आली. राजेरजवाड्यांचे संग्रह सार्वजनिक संग्रहालये झाले आणि तिथे घोडी लावून प्रत काढायला परवानगी मिळू लागली. विद्यार्थी शिकण्यासाठी येत, काही जण पोटासाठी, आणि थोरामोठ्यांनाही त्यात कमीपणा वाटत नसे. फ्रेंच चित्रकार ग्युस्ताव कूर्बे याने १८६९ मध्ये हाल्सच्या ‘मालं बाब’ या खांद्यावर घुबड घेतलेल्या हसऱ्या म्हातारीची प्रत काढली. ती हाम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. घराघरांतून, लिलावांतून आज निघणारी ‘जुनी डच’ व्यक्तिचित्रे बहुतेक याच लाटेतली. कॅनव्हास यंत्रावर विणलेला, चौकट सोनेरी, वार्निश मुद्दाम तपकिरी. एकोणिसाव्या शतकाला जुने चित्र म्हणजे काळपट चित्र असेच वाटे. तेव्हाचा प्रत काढणारा मूळ रंगांची नव्हे, तर मुळावर साचलेल्या पिवळ्या वार्निशाची नक्कल करी. पुढे मूळ चित्र स्वच्छ झाले आणि त्याची प्रत मात्र काजळलेलीच राहिली, असेही घडते.

लिलावाच्या सूचीत या सगळ्यासाठी एक उतरंड असते आणि तिच्यातला शब्द बदलला की किमतीतली शून्ये बदलतात. चित्रकाराचे पूर्ण नाव नुसते दिले असेल तर सूचीकाराच्या मते ते त्याचेच. ‘अ‍ॅट्रिब्यूटेड टू’ म्हणजे बहुधा त्याचे. ‘स्टुडिओ ऑफ’ म्हणजे त्याच्या कार्यशाळेतले, कदाचित त्याच्या देखरेखीखाली. ‘सर्कल ऑफ’ म्हणजे त्याच्या काळातल्या, त्याचा प्रभाव असलेल्या कोणाचे. ‘फॉलोअर ऑफ’मध्ये शिष्य असण्याचीही गरज नाही. ‘मॅनर ऑफ’ म्हणजे त्याच्या ढंगात, पण नंतरचे. आणि ‘आफ्टर’ म्हणजे त्याच्या एखाद्या ज्ञात चित्राची प्रत, मग ती कोणत्याही काळातली असो.

ही उतरंड माणसेच लावतात, त्यामुळे चुकतेही. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या एका गावाकडच्या लिलावात तांब्याच्या छोट्या पत्र्यावरचे हसऱ्या तरुणाचे चित्र रेम्ब्रांटच्या अनुयायाचे म्हणून आले. अपेक्षित किंमत हजार ते दीड हजार पौंड. दोघा खरेदीदारांना मात्र वेगळा वास आला, बोली चढत गेली आणि हातोडा पडला तो २२ लाख पौंडांवर. पुढच्या वर्षी रेम्ब्रांटचे गाढे अभ्यासक एर्न्स्ट फान द वेटेरिंग यांनी ते रेम्ब्रांटचे तरुणपणीचे आत्मचित्र असल्याचे जाहीर केले. आज ते लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. उलट दिशेचा प्रवास बर्लिनच्या ‘सोनेरी शिरस्त्राणातला माणूस’ या चित्राचा. १८९७ मध्ये घेतलेले, पिढ्यांनी रेम्ब्रांटचे शिखर म्हणून पाहिलेले हे चित्र १९८५ मध्ये त्याच्या वर्तुळातल्या कोणाचे तरी ठरले. त्यावरचा रंगाचा एक कणही बदलला नव्हता.

प्रत आणि बनावट यांतली रेष हेतूची आहे. डच चित्रकार हान फान मेखेरेन याने १९३७ मध्ये रॉटरडॅमच्या संग्रहालयाच्या गळ्यात मारलेले ‘व्हर्मिअर’ कोणत्याही चित्राची प्रत नव्हते. ते सतराव्या शतकातल्या व्हर्मिअरने काढायला हवे होते असे नवेच चित्र होते, आणि जुन्या रंगासारखे टणक व्हावे म्हणून त्यात बेकेलाइटच्या जातीची राळ मिसळली होती. संग्रहालयात बसून मीरेफेल्ट उतरवणारी विद्यार्थिनी आणि फान मेखेरेन यांच्यात हाताच्या कसबाचा फरक कदाचित नसेलही. पण तिच्या प्रतीवर शंभर वर्षांनी दुसऱ्याच कोणी सही घातली, की तीही नकळत त्याच रांगेत जाऊन बसते. म्हणून सही वार्निशाच्या खाली आहे की वर, हे तज्ज्ञ आधी पाहतात, आणि रंगाच्या तड्यांमध्ये सहीचा रंग ओघळला आहे का, हेही.

ज्याच्या प्रतींवरून इतका खल झाला तो रेम्ब्रांट स्वतःही प्रती काढत असे. १६५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्यासमोर मुघल लघुचित्रांचा एक संच होता. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांमुळे अशा वस्तू अ‍ॅम्स्टरडॅममध्ये पोहोचत. त्यांवरून त्याने काढलेली वीसहून अधिक रेखाटने टिकली आहेत. जहांगीर आहे, शाहजहान आहे, दारा शुकोह आहे, आणि झाडाखाली बसलेले चार विद्वान वृद्ध आहेत. कागद महागडा, जपानी, शाई तपकिरी. मुघल चित्रकाराने एकसारख्या नितळ रेषेत बांधलेली अंगरख्याची कड रेम्ब्रांटच्या हाती थरथरते, बादशहाच्या पायाखाली सावली पडते, चेहऱ्याला वय येते. प्रत काढतानाही त्याला उत्तर आधीच माहीत असल्यासारखे वागता आले नाही. झाडाखालच्या चौघांची मांडणी त्याने १६५६ च्या आपल्या एका कोरीव छापचित्रात वापरली. त्यात देवदूत अब्राहामच्या घरी पाहुणे आले आहेत आणि ते जेवणाच्या ताटाभोवती जमिनीवर बसले आहेत.

त्या चौघांचे लघुचित्र आज व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यातल्या एका दालनात, भिंतीच्या लाकडी तावदानांत बसवलेल्या लघुचित्रांमध्ये आहे. मुघल कारखान्यांतही हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्याचा ‘चर्बा’ चित्रावर ठेवून रेषा घ्यायची आणि छिद्रांतून भुकटी पाडून ती नव्या कागदावर उतरवायची रीत होती. बादशहांचे चेहरे तिथेही असेच पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेले.